पोरीच्या मशिनीतली लाट

तवा घरात कोन कोन हुतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं गोंधळ नको. मी हुते. माझा ल्योक हुता. सून हुती, डावा पाय प्लास्टरात, पडवीतल्या खाटंवर. तिची ल्येक, म्हंजे माझी नात, पुन्याच्या कॉलेजातनं घरी आल्याली. नातीचा सर घरात नव्हता, पन रोज फोनात असायचा, म्हनून त्यालाबी धरते. आन् एक तिचं मशीन, लॅपटॉप. ते काय मानूस न्हाई, पन त्या दीड म्हैन्यात घरातली निम्मी लाईट आन् पुरी पोरगी त्यानंच खाल्ली, तवा त्याला सोडून कसं चालंल.

मी शाळंत दुसरीपतूर गेले. हे मी बोलत गेले आन् नातीनं लिव्हलं. मशिनीचं जिथं येतं तिथं तिला दोनदा इचारून घेतलंय. तिथं चुकलं असंल तर तिचं, बाकीचं चुकलं असंल तर माझं.

सुनंचा पाय गव्हानीपाशी शेनावरनं घसरून मोडला. शेवगावात नेलं, प्लास्टर घातलं. डाक्टर म्हनला, दीड म्हैना पाय खाली टेकवायचा न्हाई. घरात दोन गाया, एक कालवड, आन् मी अशी की भाकरी थापायला बसले तर उठताना कुनीतरी हात द्यावा लागतो. नात फोनात म्हनली, मी येते, माझं काम कुटंबी बसून हुतंय. सराला इचारून आली. पिशवीत कपड्याचे दोन जोड, बाकी समद्या वायरी.

आता तिचं काम काय, ते मला कळायलाच आठ दिवस गेले. एक इवलुसं सर्किट असतंय, नखापेक्षाबी कितीतरी बारीक. त्याचं काम एकच, हेलकावं घ्यायचं. पाळना हलतो तसं. पाळना एकदा ढकलून सोडला तर हळूहळू थांबतो, म्हनून बाय दर खेपंला दोरी जराशी वढती. तसंच त्या सर्किटात एक भाग हेलकावतो आन् दुसरा त्याला दर खेपंला इतकुसा ढकलत ऱ्हातो. ढकलायचं माप बरुबर बसलं तर हेलकावा एका उंचीला येतो आन् तिथंच टिकतो. माप कमी पडलं तर मरतो. मोबाईलात म्हना, रेडिओत म्हना, आत असला पाळना असतोयच. फक्त तिचा पाळना एका सेकंदात दोनशे चाळीस कोटी खेपा हलनार हुता. मी म्हनलं, कोन बसलंय मोजायला. ती म्हनली, आजी, मोजायलाच तर मी बसलीय.

हे सर्किट गाईच्या गळ्यातल्या पट्ट्यात घालायचं हुतं. गाय माजावर आली, आजारी पडली, तर पट्टा आपला आपन मोबाईलला कळवनार. पट्ट्यात बारकी बॅटरी, ती वर्सभर पुरली पायजे. म्हनून ढकलायला करंट लई घ्यायचा न्हाई, असा नेम घालून दिल्याला. हे मला पटलं. गाईपाशी वर्सातनं दहा खेपा कोन बॅटरी बदलीत बसनार.

पन असलं सर्किट एकदा बनलं की त्याला दुरुस्ती न्हाई. म्हनून आधी मशिनीत खोटं चालवून बघायचं. त्याला शिम्युलेशन म्हंत्यात. मशिनीला काय ती लाट एकदम दिसत न्हाई. आंधळा मानूस काठी टेकीत चालतो तसं ते पाऊल पाऊल करत जातं. आत्ता लाट इथं हाय, तर जराशा येळानं कुटं असंल. तिथनं फुडं कुटं असंल. असं करत पापनी लवायला जितका येळ लागतो त्याच्या हजाराव्या हिश्श्याचं चित्र काढायला ह्या मशिनीला अर्धा दीस लागायचा. मी आयुष्यात ऊस तोडलाय, खडी फोडलीय, पन इतक्या कष्टात इतकंसं काम कुटं बघितलं न्हाई.

आन् ह्या समद्याला तारीख हुती. कॉलेजातनं वर्सातनं एकदाच पोरांची सर्किटं एका चकतीवर बसवून बाहेर बनवायला धाडत्यात. चकतीवर जागा मोजक्या. त्यातली एक नातीला मिळाली हुती, तिच्यापायी तिनं दोन वर्सं घातली. सरानं सांगून ठेवलं हुतं की म्हैनाअखेर लाट उभी ऱ्हायल्याली दाखीव, न्हाईतर तुझी जागा दुसऱ्या पोराला जाईल. जागा गेली म्हंजे त्या वर्साची डिग्री गेली. परत एक वर्स. आन् परत एक वर्स शिकायला पोरीला सोडायचं का न्हाई, ह्यावर तिचा बाप काय बोलत नव्हता, आन् माझा ल्योक बोलत न्हाई तवा त्याचं मन न्हाई असं मी धरते.

तर लाट उभी ऱ्हाईना.

रोजचं असं. पोरगी पाचाला उठायची, धारा काढायची, आईचं समदं करायची, भाकरी टाकायची. आमी ऱ्हातो वस्तीवर. त्या दिसांत लाईट सकाळी नवाला यायची आन् सांच्याला पाचाला जायची, मधी दोनतीनदा लपंडाव येगळाच. नऊ वाजले की ती मशीन चालू करून द्यायची आन् गवताला जायची. दोनच्या सुमाराला मशीन थांबायचं. ती पदराला, म्हंजे ओढनीला, हात पुसत यायची आन् पडद्याफुडं बसायची. हिरवी रेघ, डाव्या अंगाला जाड, मंग बारीक हुत हुत उजव्या अंगाला सुतासारखी सपाट.

"मेली," म्हनायची.

सून खाटंवरनं इचारायची, "कोन ग?"

"लाट, मम्मी."

"मंग घाल उद्या परत. रोजच मरतीय ती."

मंग सराचा फोन. सर म्हनायचा, लाट मरतीय म्हंजे ढकल कमी पडतीय, करंट वाढव. वाढवला. लाट उभी ऱ्हायली. सर म्हनायचा, येवढा करंट चालनार न्हाई, बॅटरी म्हैन्यात संपंल, कमी कर. कमी केला. मेली. सर म्हनला, मंग तुझी मांडनीच चुकलीय, नवी मांड. पोरीनं नवी मांडली. तीबी मेली. तिसरी मांडली. तिसरीबी मेली. त्या फोनात "हो सर, हो सर" ऐकून माझे कान किटले. मी एकदा म्हनलं, आग कधीतरी न्हाई म्हन की त्याला. ती म्हनली, आजी, ते तीस वर्सं हेच करत्यात. मी म्हनलं, तीस वर्सं मीबी भाकरी करतीय, करपती की एकांदी.

घरातबी काय कमी वैताग नव्हता. इन्व्हर्टर मशिनीला राखून ठेवल्याला. पंखा न्हाई, मिक्सर न्हाई, टीव्ही तर न्हाईच. ल्योक बातम्या बघितल्याबिगर जेवत न्हाई, तो भिताडाकडं तोंड करून जेवायचा. एक दिवस म्हनला, "येवढ्या दिसात कांदा लावला असता तर पात तरी वर आली असती." पोरगी ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. मंग त्यालाच वाईट वाटलं, पन ते सांगायची रीत आमच्या घरात न्हाई.

आन् मी काय केलं ते सांगते, लपवीत न्हाई. शेजारच्या रानात मळनी यंत्र चालू हुतं, भुसा समदा घरात. मशीन चालू, पोरगी गवताला. मला वाटलं, भुसा जाईल आत, बिघडंल. म्हनून मी त्याच्यावर चांगला जाड टावेल घातला, चारी बाजूनं खोचला. घटकाभरानं बघते तर चुलीवरच्या तव्यावानी तापलेलं आन् पडदा काळा. गरम झालं की आपलं आपन बंद पडतंय म्हनं. चार तासाचं काम गेलं. पोरगी आली, तिनं टावेल उचलला, माझ्याकडं बघितलं आन् टावेल घडी घालून ठेवला. मला तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तारखेला आठ दिवस ऱ्हायले तवा ती पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली. मी तूर पाखडत हुते. म्हनली, आजी, मी सरांना सांगते, जागा देऊन टाका दुसऱ्याला. माझ्याच्यानं न्हाई हुत. सर्किटच चुकीचं हाय माझं. तीनदा मांडलं, तीनदा मेलं.

मला राग आला. पोरीचा न्हाई, त्या समद्याचाच. म्हैनाभर समदे तिला सांगत्यात तुझं चुकलं, आन् आता तीबी तेच म्हनायला लागली. मी सूप खाली ठेवलं आन् तिला दुष्काळी कामावरची गोष्ट सांगितली. गोष्ट म्हनून न्हाई, रागानंच सांगितली.

तवा मी सुनंपेक्षाबी ल्हान हुते. हाच ल्योक बाभळीला झोळी बांधून तिच्यात टाकल्याला. डोंगराच्या पोटाला आडवे चर खनायचं काम हुतं. चर अगदी सपाट पायजे, म्हंजे पानी कुन्या एका अंगाला पळत न्हाई, जागीच मुरतं. सपाट रेघ आखायला आमच्याकडं दोन काठ्या आन् पान्याची नळी. दोन्ही काठ्यांवर सारख्या उंचीला खुनंची रेघ. नळीत पानी भरायचं, एक टोक ह्या काठीला, एक त्या काठीला. मागची काठी खुंटीवर धरायची, फुडची खालवर सरकवत न्यायची. दोन्हीकडं पानी खुनंला आलं की फुडं खुंटी ठोकायची. मंग मागची त्या खुंटीवर आनायची आन् फुडची आनखी फुडं. माझी सासू फुडची काठी धरायची, मी मागची. असं करत डोंगराच्या ह्या अंगापासून त्या अंगापतूर गेलो. पन्नास एक खेपा झाल्या असत्याल. बाया मागनं खनत आल्या.

साहेब आला, त्यानं दुर्बीन लावली. म्हनला, चर चढत गेलाय, त्या टोकाला हातभर वर. बायांनी खनताना चुकवलंय, परत खना. आमी परत खनलं. खडक हुता, हाताला फोड. साहेब परत आला. चर तसाच चढल्याला. आता म्हनला, बाया कामचुकार हायत. तिसऱ्यांदा खना.

माझी सासू लई बोलायची न्हाई. ती म्हनली, खनायच्या आधी मला उलटं जाऊ द्या. त्या टोकापासून तीच नळी, त्याच काठ्या घिऊन आमी मागं आलो. रेघ खरी असती तर पयल्या खुंटीवरच यायला पायजे हुती. ती पयल्या खुंटीच्या दोन हात वर आली. जाताना चढली आन् येतानाबी चढलीच. डोंगर दोन्हीकडनं कसा चढंल. मंग सासूनं दोन्ही काठ्या शेजारी उभ्या केल्या. फुडची काठी बुडाला अर्धं बोट झिजल्याली. दर खेपंला अर्धं बोट, आन् दर खेपंला एकाच अंगाला. अर्धं बोट कुनाच्या डोळ्यात भरतंय. पन्नास खेपा झाल्या की हात हुतो.

त्यानंतर आमी काठ्या आलटून पालटून धरल्या. एक खेप झिजकी फुडं, एक खेप मागं. एका खेपंला जितकं चढायचं तितकं दुसऱ्या खेपंला उतरायचं. रेघ सपाट आली. साहेबानं दुर्बीन लावून बघितली आन् फुडच्या चराकडं गेला. दोन चर फुकट खनले ते खनले.

नात ऐकून म्हनली, आजी, ते चर येगळं, हे येगळं.

"असंल येगळं," मी म्हनलं. "मला तुझं काय कळत न्हाई. मी इतकंच इचारते, डोंगर वाकडा का काठी झिजल्याली, हे तू बघितलंस का?"

ती रागानं उठली आन् धारा काढायला गेली. बादली घिऊन परत आली ती तशीच माझ्यासमोर उभी ऱ्हायली. दूध तिथंच. म्हनली, उलटं चालवता येत न्हाई, पन पाऊल निम्मं करता येतंय. मी म्हनलं, म्हंजे काय. म्हनली, लाट जर सर्किटच मारत असंल तर मी पाऊल मोठं टाकलं काय आन् ल्हान टाकलं काय, ती तितक्याच येळात मेली पायजे. सर्किटाला माझं पाऊल कुटं ठाऊक हाय.

निम्मं पाऊल म्हंजे दुप्पट पावलं, दुप्पट येळ. पाच तासाचे दहा. लाईट पाचाला जानार, इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, तासाच्यावर टिकत नव्हती. आमी दोघी बोलत हुतो ते ल्योकानं ऐकलं आसावं. दुसऱ्या दिशी लाईट गेल्यावर तासाभरानं इन्व्हर्टर वरडायला लागला, तवा तो ट्रॅक्टरची बॅटरी काढून खांद्यावर घिऊन आला. लॅपटॉपची स्वताची बॅटरी घटकाभर टिकती, तेवढ्यात त्यानं ती जोडली. म्हनला, "उद्याच्याला नांगरट न्हाई, बसा तुमी लाटा बघत." बोलायचं तेवढं बोलून बसला तिथंच.

दिवेलागनीला मशीन थांबलं. लाट मेलीच हुती. मी म्हनलं, झालं, ऱ्हाऊ दे आता. पन पोरगी उठली न्हाई. तिनं कालची रेघ काढली, आजच्या रेघंशेजारी ठेवली. मला बोट लावून दाखवलं. सर्किट तेच, करंट तोच, आन् मरायला येळ दुपटीच्यावर लागला हुता. नुसतं पाऊल बदललं तर.

"काठीच," ती म्हनली.

मंग तिनं फाईल उघडून वरच्या वळी वाचल्या आन् कपाळाला हात लावून बसली. झालं हुतं ते असं. घरी आल्या आल्या पयल्या आठवड्यात तिचं एकबी काम पुरं हुत नव्हतं. बारीक पावलानं अकरा अकरा तास लागायचे, मधीच लाईट जायची आन् समदं बुडायचं. लाईट हाय तवर काम उरकावं म्हनून तिनं पाऊल मोठं केलं. मोठ्या पावलाला मशीन अडकायला लागलं. मशिनीत पाऊल टाकायच्या दोन रीती असत्यात. एक रीत पावलाच्या दोन्ही टोकांना लाटंचा कल बघती आन् मधला धरती. दुसरी फक्त फुडच्या टोकाचा कल बघती. ती दुसरी कधी अडकत न्हाई, मुकाट चालती. पन दर पावलाला लाटंची उंची केसभर कमी करती, आन् दर खेपंला कमीच करती, वाढवत कधी न्हाई. पोरीनं लाईटच्या घाईत ती दुसरी रीत लावली. फाईलीत वर लिव्हलं आन् इसरली. फुडं नवीन सर्किट मांडलं की जुनी फाईल घ्यायची, खालचं बदलायचं, वरचं तसंच. तिन्ही सर्किटं तिनं त्याच झिजक्या काठीनं मोजली.

कॉलेजात लाईट जात न्हाई, तिथं ही चूक कुनी केलीच नसती. सराला म्हनून कधी संशय आला न्हाई. त्याला काय ठाऊक, वस्तीवर लाईट किती वाजता जाती.

मला हसावं का रडावं कळंना. म्हैनाभर पोरगी अर्धपोटी ऱ्हायली, बापाचं ऐकून घेतलं, सराचं ऐकून घेतलं, आन् सर्किट बिचारं गप आपल्या जागी बरुबर. मी म्हनलं, आग मंग आता निम्म्याचं निम्मं करत जा, उभी ऱ्हाईल की. ती म्हनली, ऱ्हाईल, पन तशानं आठवडा लागंल, आन् माझ्याकडं सहा दिवस हायत. रीतच बदलायला पायजे.

दुसऱ्या दिशी तिनं दोन्ही टोकं बघनारी रीत लावली. करवतीला असत्यात तसे रेघंला सुरवातीला दाते आले. मला वाटलं, आता हे काय नवीन. ती म्हनली, ह्या रीतीची ही खोड हाय, पाऊल बारीक केलं की जात्यात. एका हेलकाव्याला शंभर पावलं धरली. चूक किती चालंल त्याची एक मर्यादा असती, तीबी आवळली. न्हाईतर लाट उभी दिसती पन तिचा येग खोटा येतो, आन् येग चुकला तर पट्टा बोलनार एकीकडं आन् मोबाईल ऐकनार दुसरीकडं. येवढं बारीक काम घरच्या मशिनीला पुरं झेपनारं नव्हतं. सुरवातीचा तुकडाच तिनं चालवला. त्या तुकड्यात रेघ बारीक हुत नव्हती, जाड हुत हुती. दाते गेल्याले. तेबी तिच्या पयल्या मांडनीवर, कमी करंटाच्या, जी सरानं टाकून द्यायला लावली हुती.

तिनं सराला फोन लावला. सर म्हनला, घरच्या लॅपटॉपवर एवढासा तुकडा चालवून तू मला काय सांगतेस, मांडणी चुकली हे आपलं ठरलंय. मी दारात उभी. सून खाटंवर उठून बसल्याली. मला वाटलं, आता परत "हो सर".

"सर, माझं ऐकू नका," ती म्हनली. "तुम्ही तिथल्या मोठ्या मशीनवर पहिलं सर्किट चालवा. मग पाऊल निम्मं करून परत चालवा. दोन्ही वेळेला उत्तर एकच आलं तर ते सर्किटाचं. बदललं तर माझी जागा द्या कुणालाही."

 सर म्हनला, फाईल पाठव.

दोन दिवस काय कळलं न्हाई. ते दोन दिवस पोरगी इतकं काम करत हुती की गोठा तिनं दोनदा धुतला. मी म्हनलं, बस जरा. बसंना. तिसऱ्या दिशी दुपारी फोन आला. सरानं दोन्ही पावलांनी चालवलं हुतं. लाट उभी. दोन्ही खेपंला एकाच उंचीला, एकाच येगानं, आन् करंट नेमात. पयलीच मांडनी. नंतरच्या दोन मांडन्या, त्याच्यापायी घातल्याले दीस, समदं उगंच.

मला वाटलं, आता तो मानूस पोरीला चार चांगले शब्द बोलंल. तो म्हनला, "हे आधीच का नाही पाहिलंस?" इतकंच. मी फोन मागायला हात फुडं केला. सुनंनं खाटंवरनंच माझा पदर धरून वढला. म्हनली, "आत्या, जागा ऱ्हायलीय तिची. गप बसा आता." मी गप बसले. पन आज सांगते, त्यानंबी आधी बघितलं नव्हतं. करंट वाढव, कमी कर, परत मांड, हे सांगायला त्याला एक मिनिट लागायचं. पाऊल किती धरलंस, येवढं इचारायलाबी एकच मिनिट लागलं असतं.

सर्किट तारखेच्या आदल्या दिशी गेलं. चकती बनून यायला म्हैने लागत्यात. खऱ्या सर्किटात पाळना हलतो का न्हाई ते तवा कळंल. मशिनीत उभी ऱ्हायली म्हंजे खऱ्यात ऱ्हाईलच असं नातबी म्हनत न्हाई. सुनंचं प्लास्टर निघालं, नात पुन्याला गेली. ल्योक बातम्या बघत जेवतो. पोरीच्या फुडच्या वर्साचं अजून काय बोलला न्हाई. इन्व्हर्टरला नवी बॅटरी मातर आनली. मी इचारलं न्हाई कशाला.

तुमी कुनी शिकल्याले हे वाचत असाल, आन् तुमच्या हाताखाली असं मशिनीवर काम करनारं पोरगं न्हाईतर पोरगी असंल, तर येवढं करा. उत्तर वाकडं आलं तर पोराला वाकडं म्हनायच्या आधी एकदा पाऊल निम्मं करून परत चालवा. दहा तास लागले तर लागू द्या. आन् ते काम घरी बसून करत असंल तर तिथं लाईट किती वाजता जाती, हेबी इचारा.